चित्रपट तोच, बैठक वेगळी

प्रश्न : गेल्या रविवारी दुपारी माझ्या भाच्याने '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा जुना इंग्रजी चित्रपट लॅपटॉपवर लावून दिला. "मावशी, हा बघच" असा आग्रह. आम्ही चौघं होतो. पाऊण तास मी नेटाने बसले, मग डुलकी लागली. जाग आली तेव्हा पडद्यावर नुसते रंगांचे पट्टे धावत होते. मला वाटलं, लॅपटॉप बिघडला. आमचे हे "काय खुळ्यासारखं लावलंय" म्हणत चहा टाकायला उठले. सूनबाईच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. मी झोपले म्हणून भाचा अजून रुसलेला आहे. एका खोलीत चार माणसं आणि चार तऱ्हा, हे कसं? की आम्हा दोघांची ते समजण्याची कुवतच नाही?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, तुमच्या डुलकीला मोठी परंपरा आहे, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका.

या चित्रपटाचा पहिला खेळ २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनच्या अपटाउन थिएटरात झाला आणि पुढच्या दोन दिवसांत न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये. निमंत्रित मंडळी नटूनथटून आली होती. अंतराळयानं, परग्रहावरचे राक्षस, थोडी मारामारी असा बेत असेल या हिशेबाने आली होती. पडदा उघडला आणि जवळजवळ पंचवीस मिनिटं एक शब्द नाही. ओसाड माळ, वानरासारखी माणसं आणि एक काळी शिळा. लोक चुळबुळले, खाकरले, उठून जाऊ लागले. लॉस एंजेलिसला रॉक हडसन हा त्या काळचा आघाडीचा नट खुर्च्यांमधल्या वाटेने बाहेर पडता पडता, हे काय चाललंय ते मला कुणी सांगेल का, असं मोठ्याने विचारत गेला. ही आठवण रॉजर ईबर्ट या समीक्षकाने लिहून ठेवली आहे. तो त्याच सभागृहात बसला होता आणि त्याने चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले. म्हणजे सांगलीच्या तुमच्या खोलीतलं भांडण तिथे पहिल्याच आठवड्यात झालं होतं. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने लोकांची चुळबूळ पाहिली आणि काही दिवसांतच सुमारे १९ मिनिटं कापून टाकली.

समीक्षकांचीही तीच गत. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या रेनाटा ॲडलर यांना चित्रपट भुरळ पाडणारा आणि प्रचंड कंटाळवाणा यांच्या मधे कुठेतरी वाटला. पॉलीन केल यांनी पुढच्या वर्षी त्याला कल्पनाशून्य ठरवून झोडपून काढलं. पण मला यात सगळ्यांत प्रामाणिक वाटतो तो 'न्यूजडे'चा जोसेफ गेल्मिस. त्याने आधी नापसंतीचं परीक्षण लिहिलं, मग पुन्हा जाऊन चित्रपट पाहिला आणि काही आठवड्यांत स्वतःचंच म्हणणं खोडून काढणारं दुसरं परीक्षण त्याच वर्तमानपत्रात छापलं. चित्रपटात तेवढ्यात काय बदललं होतं? त्या १९ मिनिटांनी एवढा फरक पडत नाही. गेल्मिस दुसऱ्यांदा वेगळा होऊन आत गेला होता.

तोवर थिएटरात एक नवाच प्रेक्षक येऊ लागला होता. कॉलेजातली, लांब केसांची मुलं-मुली. शेवटचा रंगांचा भाग आला की ती खुर्च्या सोडून पुढे जात आणि पडद्यासमोर जमिनीवर चक्क आडवी होत. हे पाहून एमजीएम कंपनीने जाहिरातच बदलली. आधीच्या पोस्टरवर अंतराळस्थानक होतं आणि साहसाची ग्वाही होती. नव्या पोस्टरवर चित्रपटाच्या शेवटी दिसणारं, डोळे वटारलेलं तारकाबालक आलं आणि शब्द आले, 'द अल्टिमेट ट्रिप'. ट्रिप म्हणजे तुम्ही मुलांना पन्हाळ्याला न्यायचात ती नव्हे. एलएसडी नावाचा अमली पदार्थ घेतल्यावर मनाची जी सफर होते, तिला ती मुलं ट्रिप म्हणत. रिळं तीच, पण ती पाहायला बसण्याची रीत बदलली आणि चित्रपट चालला. त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत तो जाऊन बसला.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: बैठक. गाण्याची बैठक म्हणजे सतरंजी, लोड, तंबोरे आणि ऐकायला आलेली माणसं. विचारांची बैठक म्हणजे डोक्यात आधीपासून काय अंथरलेलं आहे ते. आणि बैठक मारणं म्हणजे उठायची घाई न करता बसणं. एलएसडीवर काम करणारे टिमथी लिअरीसारखे लोकही त्या काळात हेच सांगत होते. अनुभव कसा येईल हे नुसत्या पदार्थावर ठरत नाही, घेणाऱ्याच्या मनाची तयारी आणि भोवतालची जागा यांवर ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. सायकेडेलिक म्हणतात त्या चित्रपटांना ते तंतोतंत लागू पडतं, कारण ते गोष्टीच्या दोराने तुम्हाला ओढत नाहीत. दोर नसला की माणूस स्वतःच्या वजनाने कुठेतरी जातो. कुणी झोपेकडे, कुणी चहाकडे, कुणी रडण्याकडे.

याचे आणखी दोन दाखले देतो. वॉल्ट डिस्नेचा 'फँटेशिया' १९४० साली आला. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि त्यावर हलणारी चित्रं. डिस्ने म्हणजे लहान मुलांची गंमत असं धरून चाललेले लोक बुचकळ्यात पडले आणि कंपनीला मोठा तोटा झाला. तोच चित्रपट १९६९ च्या डिसेंबरात भडक, वितळल्यासारख्या दिसणाऱ्या पोस्टरसह पुन्हा लावला, तेव्हा कॉलेजच्या मुलांनी गर्दी केली. नाचणारी भूछत्रं तीच होती. २९ वर्षांत बघणाऱ्यांनी भूछत्रांबद्दल वेगळंच काहीतरी ऐकलं होतं, एवढाच फरक.

दुसरा दाखला चिलीत जन्मलेल्या आलेहांद्रो होदोरोव्स्की या दिग्दर्शकाचा. त्याच्या 'फांदो इ लिस'ला १९६८ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को महोत्सवात इतका दंगा झाला की त्याला तिथून पळ काढावा लागला. पुढचा 'एल तोपो' न्यू यॉर्कच्या एल्गिन थिएटरच्या बेन बॅरनहोल्ट्झने डिसेंबर १९७० पासून एका अजब वेळी लावला: मध्यरात्री. जाहिरात जवळजवळ नाही, सगळा प्रसार तोंडोतोंडी. सहा महिने रोज रात्री थिएटर भरत होतं. एकदा आलेला माणूस पुढच्या आठवड्यात मित्राला घेऊन यायचा. जॉन लेननला तो इतका आवडला की त्याच्या सांगण्यावरून ॲलन क्लाइन या व्यवस्थापकाने हक्क विकत घेतले आणि चित्रपट ब्रॉडवेवर नेहमीच्या वेळांना, नेहमीच्या थाटात लावला. तिथे तो आपटला. मध्यरात्र काढून घेतली आणि चित्रपटच लंगडा झाला.

आता तुमच्या खोलीकडे येऊ. रविवारची दुपार, जेवण झालेलं, खिडकीतून उजेड, समोर वहीएवढा पडदा. त्या रंगीत पट्ट्यांच्या बोगद्याचा परिणाम शरीरावर होतो तो कसा, हे पाहा. फलाटावर आपली गाडी उभी असते आणि शेजारची हळूच सुटते, तेव्हा क्षणभर आपणच निघालो असं वाटतं. मिरज जंक्शनला तुम्ही हे अनुभवलं असेल. डोळ्यांच्या कडांना हालचाल दिसली की मेंदू समजतो, आपणच हललो. हा चित्रपट सिनेरामाच्या वळलेल्या, अवाढव्य पडद्यासाठी काढलेला. त्यात डोळ्यांच्या कडाही व्यापल्या जायच्या. पुढच्या रांगेत बसलेल्याला आपण खरोखर त्या बोगद्यातून फेकले जातोय असं वाटायचं. लॅपटॉपच्या कडेला तुम्हाला भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. मग शरीर कशाला फसेल? तुम्हाला पट्टे दिसले, कारण तिथे पट्टेच उरले होते.

ते पट्टे बिघाडाचे मात्र नव्हते. डग्लस ट्रंबल या पंचविशीतल्या तरुणाने त्यासाठी एक यंत्र उभारलं होतं. शटर उघडं ठेवून कॅमेरा एका बारीक फटीकडे सरकत जायचा आणि फटीमागे रंगीत चित्रं हलत राहायची. एका फ्रेमला मिनिटभराच्या आसपास लागायचं आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा २४ फ्रेमा लागतात. त्यानंतर दिसले असतील ते पिवळे-जांभळे डोंगर खरे आहेत. स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज बेटांवरून आणि अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीवरून विमानातून चित्रण करून त्यांचे रंग उलटेपालटे केले आहेत.

म्हणून चौघांच्या चार तऱ्हांत कुवतीचा प्रश्नच नाही. भाच्याने चित्रपट आधी पाहिला होता, दिवस त्याने निवडला होता आणि त्याला तो तुम्हाला भेट द्यायचा होता. तो चित्रपटापेक्षा तुमच्या चेहऱ्याकडे जास्त पाहत असणार. यजमानांना कुणी आधी काही सांगितलंच नव्हतं. आणि तुम्ही? उभा जन्म धडे शिकवलेत. धडा संपला की खाली स्वाध्याय, 'या पाठातून काय बोध मिळतो?' हा चित्रपट म्हणजे खाली स्वाध्याय नसलेला धडा आहे. सूनबाईंना मात्र एकदा निवांत विचारा, पाणी कशाने आलं? रंगांनी आलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर एक पांढरी खोली येते. त्यात एक म्हातारा एकटा जेवत असतो आणि त्याच्या हाताचा धक्का लागून पेला फुटतो. त्या शांततेत काचेचा तेवढा एक आवाज. अनेकांना जवळजवळ अडीच तासांतलं तेच आठवतं.

पुन्हा बघायचा असेल तर एक युक्ती. आधी मधला भाग बघा, हॅल नावाच्या संगणकाचा. त्याला सरळ गोष्ट आहे, खलनायकसुद्धा आहे. मग एखाद्या रात्री, घरातल्या सगळ्यांत मोठ्या टीव्हीवर, दिवे घालवून, हलकं जेवून, शेवटचा अर्धा तास. तेव्हाही झोप लागली तर खुशाल लागू दे, आणि भाच्याला सांगा की त्याने दुपार निवडली तिथेच तो अर्धा चुकला.

प्रश्न : माझे हॉस्टेलमधले मित्र म्हणतात, असे चित्रपट "काहीतरी घेतल्याशिवाय" कळतच नाहीत. खरं आहे का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आधी शब्दापासून सुरुवात करू. 'सायकेडेलिक' हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ च्या सुमारास आल्डस हक्स्ली या लेखकाशी पत्रव्यवहार करताना घडवला. ग्रीक मुळांवरून अर्थ होतो, मन प्रकट करणारं. तो औषधासाठी घडला, पण दशकभरात पोस्टर, कपडे, गाणी, चित्रपट सगळ्यांना चिकटला. म्हणजे तुझे मित्र शब्दाचा जुना अर्थ धरून बसले आहेत.

तुझ्या मित्रांना आवडेल असा एक किस्सा आधीच सांगून टाकतो. अँड्र्यू सॅरिस या नामवंत समीक्षकाला '२००१' पहिल्यांदा मुळीच आवडला नव्हता. दोन वर्षांनी त्याने तो पुन्हा पाहिला आणि मत बदललं. या वेळी आपण काहीतरी ओढून गेलो होतो, हे त्याने परीक्षणातच कबूल केलं. आता दुसरी बाजू. वर सांगितलेल्या गेल्मिसचं मतही दुसऱ्यांदा पाहून बदललं, आणि त्यासाठी त्याने काही ओढल्याची नोंद नाही. दोघांत समान काय आहे? दोघांनीही चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. श्रेय धुराला द्यायचं की दुसऱ्या खेपेला, तूच ठरव.

खुद्द कुब्रिकचं मत १९६८ च्या 'प्लेबॉय'मधल्या मुलाखतीत आहे. त्याचा आक्षेप नैतिक नव्हता, कारागिराचा होता. नशेत सगळंच विलक्षण वाटू लागतं, खरोखर विलक्षण काय आणि नुसतं वाटतंय काय हा विवेक जातो, आणि तो गेला की कलावंत संपला, अशा आशयाचं तो बोलला. प्रेक्षकालाही हे लागू आहे. ज्या अवस्थेत छताचा पंखासुद्धा थोर वाटतो, त्या अवस्थेत चित्रपट थोर वाटला तर त्यात चित्रपटाचं कौतुक ते काय? शिवाय ट्रंबलचं यंत्र आठव. मिनिटाला एक फ्रेम, मोजमापं, पुन्हा पुन्हा घेतलेल्या चाचण्या. ज्याने ते बनवलं त्याचं डोकं ठिकाणावर असणं भाग होतं. आणि आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, तो कुणाच्या कलासक्तीची चौकशी करत बसत नाही.

घ्यायचीच असेल तर पुढची रांग घे.

प्रश्न : अशा एका चित्रपटात झपझप लखलखणारी दृश्यं आली आणि मला मळमळू लागलं, डोकं ठणकलं. शेजारच्याला काहीच नाही. यात घाबरण्यासारखं काही आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नका.

मळमळ बहुतेक वेळा गाडी लागण्यासारखी असते. कसारा घाटात एसटीत पुस्तक वाचणाऱ्याचे डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, आपण हेलकावतोय. दोघांची साक्ष जुळली नाही की पोट बंड करतं. थिएटरात हेच उलटं होतं. डोळे म्हणतात, आपण भोवऱ्यातून चाललोय. कान म्हणतो, खुर्चीत बसलोय. काहींना हा विरोध सोसतो, काहींना नाही. मागच्या रांगेत बसलं, अधूनमधून नजर पडद्याबाहेर नेली की बहुधा भागतं.

दुसरी गोष्ट गंभीर आहे, पण विरळा. लखलखाटामुळे काही थोड्या लोकांना अपस्माराचा झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा उजेड वेगाने लपकला आणि सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांत बहुतेक लहान मुलं होती. हा धोका कलावंतांना आधीपासून ठाऊक होता. टोनी कॉनरॅड या अमेरिकन संगीतकाराने १९६६ साली 'द फ्लिकर' नावाचा अर्ध्या तासाचा चित्रपट केला, त्याच्या सुरुवातीलाच झटक्याचा इशारा दिलेला आहे. इशाऱ्यानंतर त्यात आहे काय? फक्त कोऱ्या पांढऱ्या आणि काळ्या फ्रेमा, वेगवेगळ्या लयीत एकामागून एक. माणूस नाही, वस्तू नाही, रेघसुद्धा नाही.

आणि तरी तो पाहिलेले लोक सांगतात की आम्हाला रंग दिसले. जाळ्या, चक्रं, फिरत्या नक्ष्या दिसल्या. पडद्यावर रंगाचा ठिपका नसताना! ठराविक लयीचा लखलखाट डोळ्यांवर आदळला की मेंदूतलं दृष्टीचं केंद्र स्वतःच आकृत्या रचू लागतं. म्हणजे त्या थिएटरात जितकी माणसं, तितके चित्रपट चाललेले असतात. वरच्या सांगलीच्या बाईंच्या प्रश्नाचं याहून टोकाचं उत्तर मला माहीत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नुसती मळमळ आणि डोकेदुखी असेल तर काळजी नको. पण भान हरपल्यासारखं झालं असेल, हातपाय झटकले गेले असतील किंवा घरात कुणाला फिट्स येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. थिएटरात लखलखाट असह्य झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवा. नुसत्या मिटलेल्या पापण्यांतून उजेड आत येतोच.

प्रश्न : आपल्याकडे असले प्रयोग कुणी केले का, की हे सगळं परदेशी खूळ?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : केले, आणि तेही सरकारी पैशांतून. मुंबईत पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजन होतं. चित्रपटाआधी सक्तीने दाखवली जाणारी 'न्यूजरील' तिथूनच यायची. पूर आला, धरण बांधलं, मंत्र्यांनी कोनशिला बसवली, हे सगळं निवेदकाच्या भारदस्त आवाजात. आपण त्या वेळात शेंगदाणे आणायला बाहेर जायचो. त्याच इमारतीत प्रमोद पती नावाचा अधिकारी-दिग्दर्शक होता. त्याचा 'एक्सप्लोरर' १९६८ सालचा, म्हणजे कुब्रिकच्याच वर्षाचा. जेमतेम सात मिनिटं. नाचणारी तरुण पोरं, देवांच्या प्रतिमा, यंत्रं, चेहरे, सगळं इतक्या वेगाने कापलेलं की श्वास घ्यायला फट नाही. निवेदकाचा आवाज अजिबात नाही. १९७२ मध्ये त्याने चित्रकार आबिद सुरती यांना घेऊन 'आबिद' केला. एक खोली, रंगांचे डबे, आणि फ्रेम-फ्रेम जोडून हलवलेला खरा माणूस. तो कार्टूनसारखा भिंतीभर उड्या मारतो. पती १९७५ साली गेला. त्याच्या कामाची किंमत लोकांना कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसरं नाव कमल स्वरूपचं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, दादासाहेब फाळक्यांच्या शोधात पुढे वर्षानुवर्षं घालवलेला माणूस. त्याचा 'ओम दर-ब-दर' १९८८ चा. अजमेर-पुष्करच्या पार्श्वभूमीवर ओम नावाचा मुलगा, ज्योतिषी वडील, बहीण गायत्री, पोटात हिरे असलेले बेडूक. गोष्ट सांगायला घेतली की ती सांगणाऱ्याच्याच हातातून निसटते. त्याला समीक्षकांचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, पण थिएटर मिळालं नाही. मग कॉप्यांच्या कॉप्या हातोहात फिरल्या. चित्र पुसट, आवाज फाटका, पण पाहिलेली पोरं संवाद पाठ म्हणायची. अनुराग कश्यपसारख्या दिग्दर्शकांनी त्याचा प्रभाव उघड मान्य केला. अखेर १७ जानेवारी २०१४ रोजी, डागडुजी केलेल्या प्रतीसह, तो रीतसर प्रदर्शित झाला. तब्बल २६ वर्षांनी.

न्यू यॉर्कला मध्यरात्रीच्या थिएटराने जे काम केलं, ते इथे हॉस्टेलच्या खोल्यांनी केलं. दार लावून, जमिनीवर गाद्या टाकून, एकाच पडद्याभोवती दाटीवाटीने बसलेली मुलं. ती आपली बैठक.

प्रश्न : खरं सांगा, कुणालाच काही कळत नाही आणि सगळे "ग्रेट, ग्रेट" म्हणतात, असंच ना? राजा नागडा आहे हे बोलायचं कुणी?
– एक स्पष्टवक्ता, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही बोललात की! आणि काही प्रमाणात खरंही बोललात. खेळ संपल्यावर बाहेर कटिंग घेत "काय जबरदस्त लेयर्स आहेत" म्हणणाऱ्यांपैकी काहींनी आतमध्ये घड्याळ पाहिलेलं असतं. ढोंग ओळखायची एक सोपी परीक्षा सांगतो. अर्थ काय, असं विचारू नका. अर्थ कुणीही ठोकून देतो. काय पाहिलंस, असं विचारा. ज्याने खरंच पाहिलं तो एखादी बारीक गोष्ट सांगेल: एक आवाज, एक वस्तू, एक हालचाल. ढोंगी माणूस 'अस्तित्व', 'विश्व' असल्या मोठ्या शब्दांत शिरेल.

अर्थाबद्दल खुद्द कुब्रिक तोंड उघडत नसे. लिओनार्दोने मोनालिसाच्या खाली 'ही का हसते' ते लिहून ठेवलं असतं तर आपण तिच्याकडे एवढं पाहिलं असतं का, असं तो विचारी. मात्र न्यू जर्सीतल्या एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने चित्रपटावर केलेलं टिपण त्याच्यापर्यंत पोचलं, तेव्हा आपण वाचलेलं हे बहुधा सर्वांत हुशार विवेचन आहे, अशी त्याने दाद दिली. मोठमोठे समीक्षक हात टेकून बसले असताना एका मुलीने शांतपणे पाहिलं आणि पाहिलेलं लिहून काढलं.

माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला प्रेक्षक एका फिल्म सोसायटीच्या खेळाला भेटला. '२००१'च होता. लाकडी घडीच्या खुर्च्या, वर करकरणारे पंखे, सत्तर-ऐंशी माणसं. संपल्यावर नेहमीची चर्चा सुरू झाली. नीत्शे आला, उत्क्रांती आली, पुनर्जन्म आला. शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. गणपतीत मंडपांची रोषणाई करतो, अशी त्यांनी ओळख करून दिली. म्हणाले, "मला बाकीचं काही कळलं नाही. पण त्या पांढऱ्या खोलीत वर दिवा नाही, भिंतीला दिवा नाही. उजेड फरशीतून येतोय. म्हणून त्या माणसाची सावलीच पडत नाही आणि तो तिथला वाटत नाही. हे खालून दिवे लावून केलंय का? आणि फरशी तापत नाही का? चटके बसत असतील."

सभागृह हसलं. मी मात्र गप्प झालो, कारण ती खोली मी चार वेळा पाहिली होती आणि सावलीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दिवे खरोखरच फरशीखाली होते.

पुढच्या भाद्रपदात त्यांच्या मंडपात गेलो. आरास साधीच होती, पण मूर्तीसमोरची दहा-बारा पावलांची जमीन दुधी ॲक्रिलिकची केलेली आणि खालून उजळलेली. बाहेर ढोल, माणसांची रेटारेटी. आत येणारा प्रत्येकजण त्या पांढऱ्या उजेडाच्या कडेशी आला की चप्पल नसलेला पाय उचलायचा आणि टेकवण्याआधी क्षणभर तसाच धरून ठेवायचा.